चांदीची चार पिल्लं

सिदा टकलेचं कोकरू लांडग्यानं नेलं, यात नवल काहीच नव्हतं. बोरमाळावर महिन्याकाठी दोन-तीन कोकरं जायचीच. पूर्वी अशी बातमी आली की गडी कुऱ्हाडी घेऊन निघायचे, बिळात धूर कोंडायचे, नाहीतर मेलेल्या मेंढराच्या पोटात विष भरून ते माळावर टाकायचे. गेली सहा वर्षं मात्र सगळे मेंढके शहाण्यासारखे बांधावर बसत, तंबाखू मळत आणि लाळ्याची वाट बघत.

लाळ्या म्हणजे यंत्र. त्याचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की ते उच्चारून होईपर्यंत लांडग्यानं दुसरं कोकरू उचलावं. दिसायला विटेएवढं. मेलेल्या जनावराच्या जखमेवरून कापसाची काडी फिरवायची, काडी यंत्राच्या तोंडात सारायची आणि पंचवीस मिनिटं थांबायचं. मेंढरांच्या ज्या रोगाला धनगर जन्मभर टरकून असतात, त्याच रोगाचं नाव त्यांनी या सरकारी पाहुण्याला पहिल्याच दिवशी देऊन टाकलं, आणि त्या बारशाचा आनंद त्यांना पुढं कितीतरी दिवस पुरला.

तसं यंत्रामागचं शास्त्र सोपं होतं. जनावर चावतं तेव्हा त्याच्या लाळेबरोबर तोंडातल्या पेशी जखमेत राहतात, आणि एकेका पेशीत त्या जनावराचा सगळा वंश लिहून ठेवलेला असतो. पूर्वी ती अक्षरं वाचायला नमुना लांबच्या प्रयोगशाळेत धाडावा लागे आणि उत्तर येईपर्यंत मेंढका कोकरू विसरूनही जाई. लाळ्या ती अक्षरं जागेवरच वाचायचा, माळावरच्या सगळ्या जनावरांच्या नोंदींशी ताडून बघायचा आणि सांगायचा, की हा लांडगा, हे तरस, हे कुत्रं. त्यातही हा कोणता लांडगा आणि कुणाच्या पोटचा. लांडग्यानं नेलं असं ठरलं की चौथ्या दिवशी सरकारी फार्मातून कोकराच्या बदल्यात कोकरू दारात यायचं. मग कोण कशाला धूर कोंडतोय! उलट लांडग्यांना नावं पडली. सुभेदार नावाचा नर आणि चांदी नावाची मादी ही बोरमाळावरची जोडी, आणि तिच्याबद्दल लोक सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. गेल्या दसऱ्याच्या आधी सुभेदार नव्या सहापदरी रस्त्यावर मालट्रकखाली सापडला, तेव्हा दोन-तीन म्हाताऱ्यांनी चक्क हळहळून चहा सोडला होता.

"चांदीच आहे," बिळाजवळ सापडलेल्या कोकराच्या अवशेषांवरची काडी तपासून ईशानी म्हणाली. ईशानी भोयर ही वनखात्याची जनावरांची डॉक्टर. मूळची गोंदियाची, वय एकोणतीस, चार वर्षं या माळावर राहून उन्हानं रापलेली. तिनं पडद्यावर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "आणि छोट्या दातांच्याही खुणा आहेत. पिल्लं झालीत चांदीला. एक, दोन... चार!"

बांधावर एकदम गलका झाला. ज्याचं कोकरू गेलं होतं तो सिदाही हसला. फक्त ईशानी हसता हसता थांबली. तिनं दुसरी काडी घेतली, पुन्हा पंचवीस मिनिटं वाट बघायला लावली आणि मग हळूच म्हणाली, "पिल्लं निम्मी कुत्र्याची आहेत."

"कुनाच्या कुत्र्याची?" सिदानं विचारलं.

"बाप नोंदीत नाही."

"ढाब्यावरचं भटकं असंल," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. धुळाप्पा गडदेनंही डोलावली. पण पायाच्या अंगठ्यानं माती उकरताना त्याला वर बघायचं धाडस होईना. बाप कोण ते त्याला ठाऊक होतं. बाप त्या वेळी त्याच्या मेंढवाड्यावर, भामाच्या चुलीशेजारी, शिळी भाकरी खात बसला होता.

त्याचं नाव तांबडा.

तीन वर्षांपूर्वी बोरमाळ राखीव झाला तेव्हा मेंढक्यांना माळावर मेंढरं चारायचे पास मिळाले, पण एका अटीवर. मेंढरांमागच्या प्रत्येक कुत्र्याच्या कानात बिल्ला हवा आणि प्रत्येकाची नसबंदी झालेली हवी. धुळाप्पानं आपली तीन कुत्री मुकाट्यानं सुईखाली दिली. त्यांत वाघरी नावाची म्हातारी कुत्रीही होती. चौथा तांबडा, वाघरीचा मुलगा, तेव्हा पिल्लू होता. त्याला मात्र त्यानं घोंगडीत गुंडाळून लेकीच्या सासरी पोचवला.

कारण असं, की गडद्यांच्या मेंढवाड्यावर चार पिढ्या एक तांबडा कुत्रा होता. धुळाप्पाच्या आज्यानं एका दुष्काळात बायकोच्या पाटल्या मोडल्या, पण कुत्रा मागायला आलेल्या बागायतदाराला हात हलवत परत पाठवला, असं घरात सांगत. कुत्रं विकायचं नाही आणि वेल तुटू द्यायची नाही, हे धुळाप्पाच्या बापानं मरताना सांगितलं होतं. जमिनीचं, घराचं काही सांगितलं नव्हतं. कुत्र्याचं सांगितलं होतं. आता अशा माणसानं सरकारी सुईला वेल कशी द्यावी?

वर्षभरानं तांबडा परत आला. धुळाप्पानं त्याच्या गळ्यात लोढणं अडकवलं. हातभर लांबीचं बाभळीचं लाकूड गळ्यातून गुडघ्यांपर्यंत लोंबत असलं, की कुत्रं मेंढरांभोवती फिरतं, भुंकतं, पण लांब पळत नाही. पळालं की लाकूड पायांत येतं. धनगराचा हा बिनखर्चाचा, बिनसुईचा इलाज. दोन वर्षं तो नीट चालला. मग गेल्या कार्तिकात लोढण्याच्या दोरीनं तांबड्याच्या मानेला जखम झाली, आणि धुळाप्पाला दया आली. "आठ दिस मोकळा राहू दे बिचारा," म्हणून त्यानं लोढणं काढून खुंटीला टांगलं.

तांबडा तिसऱ्याच दिवशी गायब झाला. परत आला तो चार दिवसांनी, अंगभर कुसळं, डोळ्यांत भलतीच ऐट. धुळाप्पा मनातल्या मनात खूश झाला होता. कुठल्या तरी गावात तांबड्याची वेल लागली, एवढंच त्याला वाटलं. ती वेल लांडगीच्या बिळात लागली असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण सुभेदार मेला होता. जोडीदाराविना राहिलेली चांदी ऐन मोसमात माळभर हाका घालत होती, आणि तिला उत्तर द्यायला शंभर किलोमीटरात दुसरा नर उरला नव्हता.

"तरी म्या सांगत हुते, बांधून घाला," भामा म्हणाली. धुळाप्पानं घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि तिनं पुढची भाकरी गरजेपेक्षा जरा जोरातच थापली. "दया आली म्हनं! मला चाळीस वर्सांत कंदी आली न्हाई तुमची दया."

"आता त्ये उगाळून काय हुनार? कुनाला ठावं न्हाई. बाप नोंदीत न्हाई म्हनली डाक्टरीन."

"ठावं न्हाई तवर न्हाई," भामा म्हणाली. तांबड्यानं तिच्याकडं बघून शेपूट हलवलं. तिनं त्याला आणखी अर्धी भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी ईशानी एकटीच मेंढवाड्यावर आली. ती अशी अधूनमधून यायची. भामा तिला मेंढीच्या दुधाचा चहा द्यायची, आणि ती तो न कुरकुरता प्यायची, यावरूनच भामानं तिला माणसांत धरली होती. तांबड्याला लांब काटवणात बांधून ठेवला होता. धुळाप्पा वाघरीजवळ बसला होता. वाघरीच्या कानात पिवळा बिल्ला होता, आणि आज त्याला तो बिल्ला फार मोठा दिसत होता.

"आप्पा, चैत्रात माळाची फेरतपासणी आहे," ईशानी कपात फुंकर घालत म्हणाली. "बोरमाळ राखीव आहे तो लांडग्यांमुळे. लांडगे नसतील तर तो नुसता पडीक माळ. मग पलीकडच्या माळाचं झालं तेच इथं होणार."

पलीकडच्या माळाचं काय झालं ते सांगायची गरज नव्हती. तिकडं बघितलं की डोळे दिपायचे. क्षितिजापर्यंत सौरपट्ट्या अंथरल्या होत्या, आणि त्यांच्याखाली गवताची एक काडी नव्हती. विजेबद्दल धुळाप्पाची तक्रार नव्हती. त्याच्याही मेंढवाड्यावर दिवा त्याच विजेचा होता. पण तिथली बारा घरं मेंढरं विकून साखर कारखान्यावर गेली होती.

"निम्मी कुत्र्याची असली म्हून काय झालं?" त्यानं विचारलं. "वाईट का असतात?"

"वाईट कशाला असतील? उच्चनीच नाही हो आप्पा यात. हिशेब आहे फक्त. लांडगे उरलेत मूठभर आणि कुत्री आहेत कोटींनी. मूठभर मीठ हौदात टाकलं तर हौद खारट होतो का? मीठच दिसेनासं होतं. पन्नास वर्षांनी लांडग्याच्या कानांची कुत्री तेवढी उरतील. आणि दुसरं म्हणजे, या पिल्लांना माणसाची भीती कमी. ती वस्तीत शिरणार, कुणाच्या तरी अंगावर जाणार. मग लोक पुन्हा विष टाकणार, आणि विष काही निम्मं-पाव बघत नाही. चांदीही जाईल."

काटवणातून तांबड्याचं बारीक कुईकुई ऐकू आलं. ईशानीनं तिकडं मान वळवली नाही.

"मग काय करनार त्या पिल्लांचं?"

"दोन वाटा आहेत. बाप कोण ते कळलं नाही, तर अहवालात लिहावं लागेल की माळावर भटकी कुत्री मोकाट येतात आणि आम्हाला ती रोखता येत नाहीत. मग राखीवपण गेलं. पिल्लं पिंजऱ्यात, माळ पट्ट्यांखाली. पण समजा, कुत्रा सापडला, एकदाच सुटला होता असं सिद्ध झालं, तर प्रश्न मिटला. पिल्लांची नसबंदी करून त्यांना इथंच सोडायचं. ती चांदीबरोबर राहतील, माळ राखतील, बाहेरच्या कुत्र्याला आत येऊ देणार नाहीत, पण त्यांचं रक्त पुढं जाणार नाही. जागा धरून ठेवतील. तेवढ्यात एखादा खरा नर येईल. तिकडं नगरच्या बाजूला एक तरणा नर फिरतोय म्हणतात."

"आन् कुत्रं ज्याचं असंल त्याचं?"

"नियम दोन आहेत," ईशानी म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "आम्ही शोधून काढलं तर त्याचा पास कायमचा बंद. त्यानं होऊन सांगितलं तर चार महिने बंद. चला, निघते मी. परवा बिरोबाच्या देवळात बैठक आहे. या हं."

ती गेल्यावर धुळाप्पा बोटांवर महिने मोजू लागला. चार महिने म्हणजे चैत्र ते आषाढ. तीनशे मेंढरं घेऊन भर उन्हाळ्यात माळाबाहेर जायचं कुठं? पूर्वी कोकणात उतरता यायचं. ती वाट सहापदरी रस्त्यानं आणि कुंपणांनी केव्हाच खाऊन टाकली होती. चार महिन्यांत निम्मी मेंढरं मेली असती. आणि गप्प बसलं तर? कुणाला कळत होतं? त्याला खरंच भीती वाटली, आणि भीतीच्या जोडीला लाजही वाटली. कारण गप्प बसायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं.

बैठकीला पुण्याहून मोठे साहेब आले होते. बिरोबाच्या देवळासमोर लिंबाखाली खुर्ची मांडली होती, आणि अठ्ठावीस घरांचे मेंढके समोर बसले होते. साहेबांनी टॅब फिरवला. त्यावर स्वयंघोषणापत्र होतं: माझ्याकडील सर्व श्वान नोंदणीकृत असून वगैरे वगैरे. खाली अंगठा लावायचा. टॅब हातोहात फिरला. धुळाप्पापाशी आला तेव्हा त्यानंही अंगठा लावला, आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंबसुद्धा आला नाही. सरकारी कागदावर त्यानं आजवर इतके अंगठे लावले होते की त्यात खरंखोटं असतं हेच तो विसरला होता.

"झालं तर," साहेब म्हणाले. "म्हणजे माळावरच्या कुणाचाही कुत्रा नाही. मग ते भटकंच असणार."

ईशानी खाली बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते धुळाप्पाला कळेना.

"थांबा वाईच," कोंडाबाई कोळेकर म्हणाली. ऐंशी वर्षांची बाई, अजून स्वतःची दीडशे मेंढरं राखत होती, आणि माळावर तिचा शब्द खाली पडत नसे. "सायेब, तुमचं काम झालं. आमचं कुटं झालंय? माळाचा प्रश्न हाय. भंडारा काढा."

पुजाऱ्यानं गाभाऱ्यातून पितळी ताट आणलं. ताटात हळदीचा ढीग होता. रीत साधी होती. ज्यानं त्यानं पुढं व्हायचं, चिमूटभर भंडारा उचलायचा आणि आपलं म्हणणं सांगायचं. सांगितलेलं खोटं असेल तर काय होतं हे कुणी कधी बघितलं नव्हतं, कारण बघायची वेळ कुणी आणली नव्हती.

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं.

पहिले सहाजण गेले, भंडारा उचलला, "माजं समदं कुत्रं बिल्ल्याचं हाय" म्हणाले आणि कपाळाला लावून बसले. सातवा धुळाप्पा. तो ताटापर्यंत गेला. हात पुढं केला. बोटं हळदीच्या वीतभर वर थांबली. बापाचं शेवटचं बोलणं आठवलं, मेंढरं आठवली, पलीकडची रिकामी बारा घरं आठवली. आणि चांदीची चार पिल्लं, जी त्यानं अजून बघितलीही नव्हती, ती आठवली. नातवंडांना पिंजऱ्यात घालायला निघालेला आजा असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो इतका विचित्र होता की त्याला रडू फुटलं.

"चांदीच्या पिल्लांचा बाप माजा तांबडा हाय," तो म्हणाला. "बिल्ला न्हाई, नसबंदी न्हाई. तीन वर्सं लपवला. कार्तिकात मीच लोढणं काढलं. आता काय करायचं ते करा."

धुळाप्पानं भंडारा उचलला आणि कपाळाला लावला.

"आयला," मागून सिदा टकले म्हणाला. परवा बांधावर 'कुनाच्या कुत्र्याची' म्हणून सगळ्यात मोठ्यानं विचारणारा हाच. तो उठला, पण ताटापाशी येईना. "माजा बी एक हाय. मेव्हण्याच्या उसात ठेवलाय."

साहेबांनी चष्मा काढला. "आणखी कुणी?"

"माजा हाय," कोंडाबाई म्हणाली.

आता मात्र सगळी बैठक तिच्याकडं वळली. "आजी, तुमीच तर भंडारा काढा म्हनला!" सिदा ओरडला.

"मग काय करू?" कोंडाबाई चिडून म्हणाली. "चार दिस झालं, आन्न गोड लागत न्हाई. पन म्हातारीनं येकटीनं कसं उटून सांगायचं? म्हनलं, भंडारा निघाला की कुनीतरी पयला हुईल. झाला की न्हाई?"

आणि मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक साहेबच.

हसणं ओसरल्यावर साहेबांनी नियम वाचला. तिघांचे पास चार महिने बंद; या काळात पासधारकानं राखीव माळावर मेंढरं चारायची नाहीत. धुळाप्पानं मान खाली घातली. कोंडाबाईनं मात्र नियम पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजी म्या चारायची न्हाईत," ती म्हणाली. "माज्या मेंढरांनी चरायचं न्हाई आसं कुटं लिवलंय?"

"तसं... लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग वाटून चारा की रं!" कोंडाबाई लोकांकडं वळली.

बाई बाळंत झाली, घरी मयत झाली, की त्या घराची मेंढरं इतरांनी वाटून चारायची ही धनगरांची जुनी रीत. वाटेवर कुणाचं अडू द्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. पंचवीस घरांनी तिथल्या तिथं तिघांची मेंढरं वाटून घेतली. कुणी वीस, कुणी पंचवीस. धुळाप्पाचे डोळे पुन्हा भरून आले, पण या वेळी त्यानं ते पुसले नाहीत. मेंढरांनी दिवसभर दुसऱ्यांमागं चरायचं आणि संध्याकाळी कोकरांकडं परत यायचं, असं ठरलं. धुळाप्पाची कोकरं मेंढवाड्यावर भामाजवळ राहणार होती.

बैठक मोडल्यावर त्यानं ईशानीला गाठलं. "पोरी, तुला ठावं हुतं," तो म्हणाला. अंगठ्यांच्या वेळी ती खाली का बघत होती, ते त्याला आता कळलं होतं.

"हो. पिल्लांची आजी वाघरी आहे, हे लाळ्यानं पहिल्याच दिवशी दाखवलं. वाघरी तर नोंदीत आहे."

"मग बोलली का न्हाईस? चाय पिऊन गेलीस ती!" त्याला राग आला होता, आणि राग आल्याचं बरंही वाटत होतं.

"मी बोलले असते तर तुमचा पास कायमचा गेला असता, आप्पा. ते एक." ईशानी थांबली. "आणि मी आजपर्यंतच थांबणार होते, हेही खरं सांगते. तुम्ही आज गप्प बसला असतात तर मला लिहावं लागलं असतं. पण लाळ्याला तुमचा एकच कुत्रा माहीत होता. बाकीचे दोन कुणाला माहीत होते?"

धुळाप्पानं यावर विचार केला. "कोंडाबायला," तो म्हणाला आणि राग विसरून हसला.

तांबड्याची नसबंदी फाल्गुनातच झाली. भामानं त्या दिवशी त्याला तूप घालून भाकरी दिली. वेल संपली याचं दुःख धुळाप्पाला झालंच. ते झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. बापाच्या तसबिरीसमोर जाऊन तो म्हणाला, "बा, चुकलो. पन आसं बघा, आपला तांबडा आता माळाचा राखणदार झालाय. येक न्हाई, चार." तसबीर काही नाराज दिसली नाही.

चैत्रात पिल्लांना पकडून, नसबंदी करून, एकाच दिवसात परत चांदीजवळ सोडलं. तपासणी झाली, बोरमाळ राखीवच राहिला. त्याच सुमारास माळाच्या उत्तरेला एका हरणाच्या सांगाड्यावर लाळ्यानं नव्या नराची लाळ ओळखली. तो नगरकडचाच होता. ईशानी त्या दिवशी पोरीसारखी नाचली.

पिल्लांवर चार महिने लक्ष ठेवायला माणूस हवा होता. ती वस्तीकडं जातात का, बाहेरची कुत्री त्यांच्याजवळ येतात का, हे बघायचं होतं. ईशानीकडं माणसं नव्हती, आणि बिनमेंढरांचा धुळाप्पा घरात बसून भामाचा जीव खात होता. भामानंच त्याला दुर्बिणीसकट टेकडीवर धाडला.

पहिले आठ दिवस त्याला फार अवघडल्यासारखं झालं. जन्मभर ज्या जनावराला बघून "हुर्रर्र" करून दगड उचलला, त्याला सावलीत बसून नुसतं बघायचं! पण मेंढक्याचा डोळा, तो कळप बघितला की मोजायला आणि ओळखायला लागतोच. दोन पिल्लं राखी होती, धट्टीकट्टी. एकाची पाठ थेट तांबड्यासारखी. चौथी मादी, मागच्या उजव्या पायानं किंचित लंगडणारी. चांदी काही घेऊन आली की तिघं तुटून पडत आणि लंगडी कडेला उभी राहून वाट बघे. धुळाप्पाचा जीव तिच्यासाठी खालीवर व्हायचा. एकदा एक भटकं कुत्रं ओढ्याकडून आलं, तर चौघांनी मिळून त्याला पार रस्त्यापर्यंत पिटाळलं, आणि त्यात लंगडी सगळ्यांच्या पुढं होती. त्या संध्याकाळी त्यानं भामाला हे तीनदा सांगितलं.

वैशाखातली एक दुपार कलती झाली होती. चांदी घळीतून वर आली. तोंडात कोकराची तंगडी होती. धुळाप्पानं दुर्बीण लावली आणि त्याचा हात जागच्या जागी थबकला. तंगडीवरच्या लोकरीत निळा ठिपका होता. बोरमाळावर निळा ठिपका एकाच घराचा.

तेवढ्यात फोन वाजला.

"आवं, आपलं कोकरू गेलं!" भामा धापा टाकत होती. "कपाळावर टिकला हाय त्ये. मी पान्याला गेले तेवड्यात. डाक्टरनीला बोलावलंय, लाळ्या घिऊन येतीया."

"लाळ्या कशाला पायजे? चांदीनं न्हेलंय. हितं माज्या म्होरंच हाय."

"म्होरं हाय? आन् तुमी बसलाय काय? हाकला की तिला!"

धुळाप्पानं खरंच शेजारचा दगड उचलला होता. मेंढक्याचा हात, तो कुणाला विचारत नाही. दगड हातात घेऊनच त्यानं पुन्हा दुर्बिणीतून बघितलं. दोघं राखी तंगडीला झोंबत होते. तांबड्या पाठीचा गुरगुरत होता. लंगडी दोन हात लांब उभी होती, मान खाली घालून, आणि तिची जीभ सारखी ओठांवरून फिरत होती.

त्यानं दगड खाली ठेवला.

"अगं, जरा थांब," तो म्हणाला. "लंगडीला अजून काय मिळालं न्हाई."

मेंढवाड्यावर तांबडा भुंकत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. भामानं त्याला "गप रं" म्हणून दटावलं, आणि विचारलं, "आता?"

"आता म्होरं झालीया. त्यो तांबड्या पाठीचा सरकला बग थोडा बाजूला."

"खातीया का?"

"खातीया," धुळाप्पा म्हणाला.